स्थलांतर, सांस्कृतिक वैविध्य आणि सार्वजनिक धोरण : संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. या विषयातील संशोधक नेमका कशाचा अभ्यास करतात?

माणसे देश सोडून दुसरीकडे का जातात, तिथे पोचल्यावर त्यांचे आणि त्यांच्या मुलांचे काय होते, त्यांच्या येण्याने तिथल्या समाजात काय बदलते आणि या साऱ्यावर कायद्यांचा व सरकारी निर्णयांचा कितपत परिणाम होतो, या प्रश्नांभोवती हे संशोधन फिरते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, कायदा, राज्यशास्त्र आणि भूगोल या सर्व शाखांतील अभ्यासक त्यात असतात. साहजिकच एकाच घटनेविषयी ते वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरे कधी कधी एकमेकांशी जुळत नाहीत.

व्याप्तीचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ च्या मध्यास जगात सुमारे ३० कोटी ४० लाख लोक जन्मदेशाबाहेर राहत होते. हे प्रमाण जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के आहे. म्हणजे उरलेले ९६ टक्क्यांहून अधिक लोक आपल्याच देशात आहेत. देशांतर्गत स्थलांतर यात धरलेले नाही.

२. स्थलांतर देशाला फायद्याचे ठरते की तोट्याचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो ज्या स्वरूपात विचारला जातो त्या स्वरूपात त्याला उत्तर नाही. कोणाला फायदा, कोणत्या पातळीवरच्या सरकारला तोटा आणि किती वर्षांचा हिशेब धरायचा, एवढे ठरवल्याशिवाय कोणताही प्रामाणिक संशोधक हो किंवा नाही असे उत्तर देणार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालातून ही अडचण स्पष्ट होते. देशाबाहेर जन्मलेल्या पहिल्या पिढीचा राज्य आणि स्थानिक सरकारांवरील भार सरासरीने अधिक पडतो आणि त्याचे मुख्य कारण त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च हे आहे, असे या अहवालात आढळते. तीच मुले मोठी होऊन कर भरू लागली की सार्वजनिक तिजोरीत सर्वाधिक भर घालणाऱ्या गटांत त्यांची गणना होते, असेही तोच अहवाल सांगतो. शाळेच्या वर्षांपाशी हिशेब थांबवला तर तोटा दिसतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे धरली तर चित्र पालटते. शिवाय खर्च उचलणारे सरकार एक आणि पुढे करातून लाभ मिळवणारे सरकार दुसरे असल्यामुळे दोघांच्या तक्रारी आपापल्या जागी खऱ्या असतात. ज्या बातमीत कालावधीचा उल्लेख नाही तिच्यातील ‘फायदा’ आणि ‘तोटा’ हे दोन्ही शब्द माझ्या मते सोडून द्यावेत.

३. स्थलांतरितांमुळे स्थानिक कामगारांची मजुरी घटते का?

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला वाद मायामी शहरावर आहे. १९८० च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्युबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत आले आणि त्यांतील बरेच जण मायामीतच राहिले, त्यामुळे तिथल्या कामगारांची संख्या काही महिन्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. ही वाढ मायामीतील रोजगाराच्या ओढीमुळे झाली नव्हती. तिच्यामागे क्युबन सरकारचा राजकीय निर्णय होता. संशोधकाच्या दृष्टीने हीच गोष्ट मोलाची असते. एरवी माणसे जिथे काम आणि पगार चांगला आहे तिथेच जातात, त्यामुळे परिणाम कोणता आणि कारण कोणते हे वेगळे करता येत नाही.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना तिच्यासारख्या अन्य शहरांशी केली आणि कमी कौशल्याच्या स्थानिक कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जवळजवळ परिणाम झाला नाही असा निष्कर्ष काढला. या आणि अशा अनुभवाधारित कामासाठी त्यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या आणि हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या) नसलेल्या पुरुषांपुरती पाहणी मर्यादित केली, तर त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरलेली दिसते, असे त्यांनी २०१७ मध्ये मांडले.

मग कोणाचे खरे मानायचे? एवढ्या अरुंद गटात दरवर्षी नमुन्यातील मोजकीच माणसे उरत होती. मायकेल क्लेमन्स आणि जेनिफर हंट यांनी आणखी खोलात जाऊन दाखवले, की नेमक्या त्याच काळात या उपगटातील कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण वाढले होते. त्यांची सरासरी मजुरी आधीपासूनच कमी असल्याने, कोणाचाही पगार न घटता गटाची सरासरी खाली येऊ शकत होती. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. तरीही बहुतेक अभ्यासकांचे मत असे आहे की दीर्घकाळात एकूण मजुरीवरचा परिणाम नगण्य असतो आणि झळ बसलीच तर ती शिक्षण कमी असलेल्यांना किंवा आधी येऊन स्थिरावलेल्या स्थलांतरितांना बसण्याची शक्यता अधिक असते. ज्याला धोरण ठरवायचे आहे त्याच्यासाठी या वाक्याचा उत्तरार्ध अधिक कामाचा आहे, कारण मदत कोणापर्यंत पोचवायची हे त्यातून कळते.

४. किती लोक येतील याचे अंदाज इतके का चुकतात?

२००४ मध्ये युरोपीय संघात दहा नवे देश सामील होणार होते. त्याआधी ब्रिटिश गृहखात्यासाठी केलेल्या एका अभ्यासात, या देशांतून ब्रिटनमध्ये दरवर्षी निव्वळ (म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून) ५,००० ते १३,००० लोक येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात काय झाले हे जनगणनेवरून दिसते. पोलंडमध्ये जन्मलेल्यांची इंग्लंड आणि वेल्समधील संख्या २००१ मध्ये सुमारे ५८,००० होती, ती २०११ मध्ये ५ लाख ७९ हजारांवर गेली.

आकडा चुकला हे निर्विवाद आहे, पण तो कसा चुकला हे पाहण्यासारखे आहे. त्या वेळी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन वगळता जुन्या सदस्य देशांनी आपली रोजगारबाजारपेठ नव्या देशांतील कामगारांना लगेच खुली केली नाही. जर्मनीने तर हे निर्बंध मे २०११ पर्यंत लांबवले. शेजारच्या जर्मनीकडे वळू शकणारा ओघ त्यामुळे दुसरीकडे वळला. अंदाज जुन्या वर्तनावर आधारलेला होता आणि त्याच्या मर्यादा अहवालात नमूदही होत्या. चर्चेत मात्र केवळ आकडा राहिला आणि त्याभोवतीच्या अटी गळून पडल्या. असा अंदाज सरकारला देताना एक आकडा देऊ नये. कोणत्या परिस्थितीत काय घडेल याची दोन-तीन चित्रे द्यावीत, असे आता या क्षेत्रात मानले जाते.

५. माहिती गोळा कशी होते आणि तिच्यावर किती विसंबावे?

मार्ग मुख्यतः तीन आहेत : जनगणना, नमुना पाहणी आणि प्रशासनाकडे आपोआप जमा होणाऱ्या नोंदी. दीर्घकालीन स्थलांतरित म्हणजे किमान बारा महिन्यांसाठी वास्तव्याचा देश बदलणारी व्यक्ती, अशी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची शिफारस आहे. मात्र विमानतळावर उतरणाऱ्या माणसाला आपण वर्षभर राहणार की नाही हे स्वतःलाच ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये बराच काळ निव्वळ स्थलांतराचा आकडा विमानतळ आणि बंदरांवर प्रवाशांना थांबवून केलेल्या पाहणीतून काढला जाई. २०११ च्या जनगणनेशी ताळा केल्यावर, आधीच्या दहा वर्षांत तो आकडा एकूण सुमारे ३ लाख ४६ हजारांनी कमी धरला गेला होता असे निष्पन्न झाले. स्वस्त विमानसेवांनी ज्या लहान विमानतळांवरून लोक येऊ लागले होते तिथे पाहणी पुरेशी पोचलेली नव्हती, हे त्यामागचे एक कारण होते.

नोंदी एकमेकींना जोडल्या तर चित्र पुष्कळ स्पष्ट होते. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला व्यक्तिक्रमांक असल्यामुळे शिक्षण, नोकरी, निवास आणि आरोग्य यांचा धागा वर्षानुवर्षे जुळवता येतो. कॅनडाने १९८० नंतर कायमस्वरूपी वास्तव्यासाठी आलेल्यांच्या नोंदी त्यांच्या करविवरणपत्रांशी जोडल्या आहेत, त्यामुळे कोणत्या योजनेतून आलेल्या माणसाचे उत्पन्न पाच किंवा पंधरा वर्षांनी काय झाले हे सांगता येते. संशोधकांना अर्थातच नावे काढून टाकलेली माहिती मिळते.

६. वंश, भाषा, धर्म यांची नोंद सरकारने ठेवावी का?

यावर देशोदेशी मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंची कारणे गंभीर आहेत. ब्रिटनच्या जनगणनेत १९९१ पासून वांशिक गट विचारला जातो. फ्रान्समध्ये नागरिकांची अशी वर्गवारी प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सर्व नागरिकांना भेद न करता समान मानण्याच्या, तत्त्वाशी विसंगत मानली जाते; १५ नोव्हेंबर २००७ च्या निर्णयात तिथल्या संविधान परिषदेने (कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेने) वंशावर आधारित आकडेवारीला आडकाठी केली, मात्र जन्मस्थान किंवा पूर्वीचे नागरिकत्व अशा वस्तुनिष्ठ बाबी विचारायला मुभा ठेवली. त्यानंतर २००८-०९ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत आई-वडिलांचा जन्मदेश विचारूनच पुष्कळ काही शोधता आले. जर्मनीने २००५ पासून ‘स्थलांतराची पार्श्वभूमी’ हा प्रकार वापरला : ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी एकाला जन्माने जर्मन नागरिकत्व मिळालेले नाही, अशी व्यक्ती. या व्याख्येत जर्मनीतच जन्मलेली, तिथलीच भाषा बोलणारी मुलेही येतात, आणि याच कारणामुळे पुढे तिच्यावर पुष्कळ टीका झाली.

नोंद नसेल तर भेदभाव सिद्ध करता येत नाही. दुसरीकडे, नोंद चुकीच्या हाती पडली तर काय होते हेही इतिहासात दिसते. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदवहीत धर्माचा रकाना होता आणि नाझी राजवटीत ज्यूंना शोधण्यासाठी तिचा उपयोग झाला. ॲमस्टरडॅममधील नोंदणी कार्यालयावर २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार करणाऱ्यांच्या एका गटाने हल्ला करून कागदपत्रांना आग लावली, ती याच कारणासाठी. ज्यांनी हा रकाना सुरू केला त्यांच्या मनात असा काहीही हेतू नव्हता. त्यामुळे माहिती गोळा करण्याआधीच, ती कोण पाहणार, किती काळ ठेवणार आणि कोणत्या कामासाठी कधीही देणार नाही, हे कायद्याने ठरवून घेणे आवश्यक आहे. पाहणीकर्त्यांच्या चांगुलपणावर ते सोडता येत नाही.

७. वैविध्य वाढले की समाजातील परस्परविश्वास कमी होतो, हे खरे आहे का?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २००७ मध्ये सुमारे ३०,००० लोकांच्या पाहणीवरून मांडले की वांशिक वैविध्य अधिक असलेल्या वस्त्यांत लोक सर्वांपासूनच, अगदी आपल्या गटातील शेजाऱ्यांपासूनही, अंग आखडून घेतात. हा परिणाम अल्पकालीन असावा आणि दीर्घकाळात व्यापक ओळख घडू शकते, असेही त्यांनी त्याच लेखात लिहिले होते. उद्धृत करणारे बहुधा हा भाग गाळतात. पुढे काही अभ्यासकांनी त्यांचीच माहिती तपासून असे दाखवले की वैविध्य अधिक असलेल्या वस्त्यांत गरिबी अधिक आणि घर बदलण्याचे प्रमाणही अधिक असते, शिवाय ज्या गटांचा विश्वास मुळातच कमी नोंदला जातो त्यांचा वाटाही तिथे मोठा असतो.

२०२० मध्ये ८७ अभ्यासांतील १,००१ निष्कर्ष एकत्र करून केलेल्या आढाव्यात वैविध्य आणि विश्वास यांच्यात सरासरीने ऋण संबंध आढळला, म्हणजे वैविध्य जास्त तिथे विश्वास कमी, पण तो फार मोठा नव्हता. म्हणजे ‘काहीच परिणाम नाही’ म्हणणारे जसे चुकतात, तसे ‘समाज मोडतो’ म्हणणारेही चुकतात.

८. मग वेगवेगळ्या गटांना एकत्र आणले की पूर्वग्रह कमी होतात का?

पुष्कळदा होतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठी अटी सांगितल्या होत्या : समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा. मात्र हा परिणाम किती दूर जातो यावर एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. आयसिसच्या हिंसाचारानंतर उत्तर इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंचे हौशी फुटबॉल संघ तयार केले गेले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडलेल्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घेतले गेले. अशा मिश्र संघांत खेळलेले ख्रिश्चन खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघासाठी नाव नोंदवायला आणि महिन्यांनंतरही मुस्लिमांसोबत सराव करायला अधिक तयार होते. मैदानाबाहेर, म्हणजे मिश्र सामाजिक कार्यक्रमाला जाणे किंवा मुस्लिमबहुल मोसुल शहरातील उपाहारगृहात जाऊन जेवणे, यांत मात्र फारसा फरक पडला नाही. ओळखीच्या सहकाऱ्याविषयीचा विश्वास अनोळखी माणसापर्यंत आपोआप पोचत नाही. केवळ मेळावे भरवून सलोखा निर्माण होईल अशी योजना आखणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

९. भेदभाव होतो हे सिद्ध कसे करतात?

लोकांना विचारून ते कळत नाही, कारण भेदभाव करणारा तो मान्य करत नाही आणि सोसणाऱ्याला नकाराचे खरे कारण समजत नाही. म्हणून संशोधक एकसारखे अर्ज तयार करून फक्त नाव बदलतात. टोरांटो परिसरात हजारो बायोडेटा पाठवून केलेल्या अशा प्रयोगात, कॅनडातीलच शिक्षण आणि अनुभव दाखवलेला असूनही, इंग्रजी वाटणाऱ्या नावांना चिनी, भारतीय किंवा पाकिस्तानी वाटणाऱ्या नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी सुमारे ४० टक्के अधिक आली. म्हणजे भाषा शिका, इथली पदवी घ्या, हा सल्ला पाळणाऱ्यालाही नावाची किंमत मोजावी लागते.

स्वित्झर्लंडमध्ये तर असा प्रयोग व्यवस्थेनेच घडवून ठेवला होता. काही गावांत नागरिकत्वाचा प्रत्येक अर्ज गुप्त मतदानाला टाकला जाई आणि त्याआधी अर्जदाराची माहितीपत्रिका घरोघरी जाई. त्या निकालांच्या अभ्यासात, अर्जदाराला भाषा किती येते किंवा तो किती रुळला आहे यापेक्षा तो कोणत्या देशातून आला हेच निर्णायक ठरत असल्याचे दिसले. तुर्कस्तान आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील अर्जदारांना सर्वाधिक नकार मिळत होते. संघीय न्यायालयाने जुलै २००३ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर जिथे निर्णय लोकांच्या मतदानाऐवजी निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे गेला, तिथे नागरिकत्व मिळण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. माणसे तीच होती. मात्र नकाराचे कारण लेखी देण्याची जबाबदारी आता कोणावर तरी होती.

१०. एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशात लागू करता येतात का?

सावधपणे. बहुतांश संशोधन श्रीमंत देशांत झालेले आहे आणि निर्वासितांचा मोठा भार मात्र इतरत्र आहे. त्यामुळे कोलंबियासारख्या ठिकाणचे काम विशेष महत्त्वाचे वाटते. तिथे २०१८ मध्ये कागदपत्रे नसलेल्या व्हेनेझुएलन लोकांची नोंदणी करून लाखोंना कामाचा परवाना देण्यात आला आणि त्याचा स्थानिकांच्या औपचारिक रोजगारावर झालेला परिणाम अत्यल्प आढळला.

११. संशोधनामुळे धोरण प्रत्यक्षात बदलल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, पण ती बहुधा संथ आणि अंशतः असतात. कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धती, म्हणजे शिक्षणासारख्या बाबींना गुण देऊन अर्जदार निवडण्याची पद्धत, आणली आणि पुढे शिक्षणाला भरपूर गुण दिले. वर उल्लेखिलेल्या जोडनोंदींतून मात्र दिसू लागले की १९८० नंतर आलेल्यांचे सुरुवातीचे उत्पन्न आधीच्या पिढीपेक्षा खालावत आहे, पदव्या वाढूनही, आणि परदेशातील कामाच्या अनुभवाला तिथले मालक जवळजवळ शून्य मोल देत आहेत. २००८ मध्ये कॅनडात आधी काम केलेल्यांसाठी वेगळी वाट काढली गेली आणि जानेवारी २०१५ पासूनच्या निवडपद्धतीत स्थानिक अनुभवाला ठोस वजन मिळाले. त्यातून तात्पुरत्या परवान्यावरील कामगार मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतात, हा नवा प्रश्न उभा राहिला; तोही आता संशोधनाचा विषय आहे.

याहून साधे आणि धोरणकर्त्याला थेट उपयोगी पडणारे निष्कर्षही असतात. स्वित्झर्लंडमधील आश्रय मागणाऱ्यांच्या अभ्यासात, निर्णयाची वाट पाहण्यात गेलेले प्रत्येक जादा वर्ष पुढील रोजगाराचे प्रमाण ४ ते ५ टक्केबिंदूंनी (म्हणजे शंभरातील ४ ते ५ माणसांनी) घटवते असे आढळले. इथे कोणाला आत घ्यावे हा वाद घालण्याचीही गरज नाही. निर्णय जो काही असेल तो लवकर द्यावा, एवढेच ते सांगते.

१२. सरकारच्या पैशाने झालेले संशोधन निःपक्ष असू शकते का?

असू शकते, पण त्यासाठी रचना लागते. कॅनडात १९९६ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोपोलिस प्रकल्पात संघीय स्थलांतर खाते आणि समाजविज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून विद्यापीठांतील केंद्रांना निधी दिला. खात्याच्या गरजा संशोधकांना कळत, पण प्रकल्पांची निवड विद्वानांच्या परीक्षणातून होई. या केंद्रांचा निधी २०१० च्या दशकाच्या सुरुवातीस थांबला, तेव्हा सरकारी पैशाची दुसरी बाजूही दिसली.

नेदरलँड्समधील अनुभव वेगळ्या कारणासाठी बोलका आहे. तिथल्या संसदेच्या चौकशी समितीने २००४ मध्ये, स्थलांतरितांचे समाजात सामावणे पूर्णतः किंवा अंशतः यशस्वी झाले आहे, असा अहवाल दिला. तो येण्याआधीच त्याची विश्वासार्हता डळमळली होती, कारण ज्या संस्थेकडे आधारभूत संशोधन सोपवले होते तिचा पूर्वीच्या धोरणांशी संबंध होता. निष्कर्ष बरोबर की चूक, याची चर्चा त्यानंतर धड झालीच नाही.

१३. लोकांपर्यंत खरे आकडे पोचवले तर मते बदलतील ना?

फारशी नाही. सहा देशांतील मोठ्या पाहणीत लोक स्थलांतरितांची संख्या वास्तवापेक्षा बरीच अधिक समजतात असे आढळले, पण खरा आकडा सांगितल्यानंतरही त्यांच्या धोरणविषयक मतांत विशेष फरक पडला नाही. संशोधकांना हे मान्य करणे जड जाते.

१४. संशोधन एक सांगते आणि सरकार दुसरे करते, अशा वेळी दोष कोणाचा?

प्रत्येक वेळी दोष असतोच असे नाही. ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीला सरकार लेखी प्रश्न देते आणि समितीचे उत्तर प्रसिद्ध होते. २०१८ मध्ये या समितीने, परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण संपल्यावर कामासाठी स्वतंत्र व्हिसा देण्याची शिफारस केली नाही. सरकारने पुढच्याच वर्षी तसा दोन वर्षांचा व्हिसा जाहीर केला. उलट जानेवारी २०२० मध्ये परदेशी कामगारांसाठीची पगाराची किमान अट ३०,००० पौंडांवरून २५,६०० पौंडांवर आणण्याची तिची शिफारस सरकारने स्वीकारली. पहिल्या बाबतीत विद्यापीठांची स्पर्धाक्षमता महत्त्वाची मानायची की पदवीधरांना मिळणारा पगार, हा अग्रक्रमाचा प्रश्न होता आणि तो ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचाच आहे. समितीचा अहवाल सर्वांसमोर असल्यामुळे निर्णय कोणत्या सल्ल्याविरुद्ध झाला हे मात्र कोणालाही तपासता आले, आणि व्हिसाचे परिणाम दिसू लागल्यावर सरकारने त्याच समितीला त्याचा पुन्हा आढावा घ्यायला सांगितले.